म्हशीचं मीठ

माझ्या आजाराचं नाव मला सलाईनच्या बाटलीखाली पडून कळलं. डॉक्टर खाटेच्या कडेला उभे राहून माझा तळहात न्याहाळत होते. तळहातावरच्या रेषा काळ्या पडल्या होत्या. मग त्यांनी बोटानं माझा खालचा ओठ ओढला, हिरड्यांवरचे काळे डाग पाहिले आणि मागे उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, "ॲडिसन्स डिसीज. पुस्तकात वाचला असेल. आता नीट पाहून घ्या."

एकेकानं पुढे येऊन माझा ओठ ओढून पाहिला. मी तिसगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. अठरा वर्षं मुलांना बेडूक दाखवले, आता बेडकाच्या जागी मी होते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांनाही शिकायला काहीतरी लागतंच.

आजाराचं नाव ऐकून मला भीती वाटली नाही. भीती वाटली ती बाटलीवरचं लेबल वाचून. त्यावर इंग्रजीत सोडियम क्लोराइड असं छापलेलं होतं. सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ. ते थेंबथेंब माझ्या शिरेत उतरत होतं आणि किती वेळ उतरत होतं, देव जाणे.

मी नर्सला म्हटलं, "हे काढा. मला मीठ चालत नाही."

डॉक्टर दारापर्यंत गेले होते, ते परत फिरले. म्हणाले, "बाई, या मिठामुळेच तुम्ही आत्ता माझ्याशी बोलताय." मी डोळे मिटून घेतले. जे कुणाला सांगायचं नव्हतं, ते अर्धंमुर्धं तोंडातून निसटून गेलं होतं.

हा आजार फार जणांना होत नाही. ज्यांना होतो त्यांना तो वर्ष-दीड वर्ष ध्यानातच येत नाही. माझ्यासारखा तो कुणी लपवूही नये, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात थकव्यानं झाली. शाळेच्या आठ पायऱ्या चढून गेलं की हजेरी घेण्याआधी मला खुर्चीत बसावं लागे. भूक मंदावली, ब्लाउज सैल झाले, खाली वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येई. रंग काळवंडायला लागला. पण ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष होतं. गावातली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर उन्हात उभी होती. त्या वर्षी कोण काळं पडलं नव्हतं आणि कोण वाळलं नव्हतं? माझ्याकडे वेगळं म्हणून कुणी बघितलं नाही. मीही नाही.

आणखी एक लक्षण होतं, ते मात्र मला एकटीलाच माहीत होतं. मला मीठ खावंसं वाटे. लोणच्याची फोड नको, त्याचा खार हवा. भाताबरोबर मी चिमटीनं मीठ घेऊ लागले, मग नुसतंच घेऊ लागले. चाळिशीतल्या बाईला डोहाळे लागावेत, तसा प्रकार. मी स्वतःलाच हसत असे.

तेवढ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. आई जामखेडला दादाकडे असे. मी रजा काढून गेले. आईचा डावा हात उशीवर ठेवल्यासारखा पडून होता आणि ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलू बघत होती. मी चार दिवस होते. दादा म्हणाला, तू इथे राहून काय करणार, शाळा बुडते आहे, जा. वहिनी म्हणाली, आम्ही आहोत की. खोटं काही नव्हतं त्यात. मी परत आले.

परतल्यावर देवीच्या देवळात गेले आणि आई उठून बसेपर्यंत मीठ सोडलं. आमच्याकडे असंच करतात. कुणी गोड सोडतं, कुणी पायात वहाणा घालत नाही. सोडायचं ते जिवाला लागेल असंच सोडावं लागतं, आणि मला त्या दिवसांत मिठाइतकं जिवाला लागणारं दुसरं काहीच नव्हतं. देवीपुढे मी चांगला भरभक्कम सौदा केला, असं मला वाटलं. नवस कुणापुढे बोलून दाखवू नये, त्यानं तो वाया जातो, हे आईनंच शिकवलेलं. म्हणून कुणाला सांगितलं नाही.

मी गयाबाईंच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. गयाबाई आणि त्यांचे यजमान मागच्या बाजूला राहत. मुली लग्न होऊन गेलेल्या. रानात काही उगवलं नव्हतं, पण गोठ्यात एक म्हैस त्यांनी कशीबशी जगवली होती. गयाबाई कधीमधी वाटीभर कालवण आणून देत. मी म्हणायचे, पोट बरं नाही, तिखट चालत नाही. दोन-चार वेळा असं झाल्यावर त्यांनी आणणं बंद केलं. एकटी राहणारी बाई जरा विचित्रच असायची, असं लोक धरूनच चालतात. त्याची मला सवय होती, आणि खरं सांगायचं तर सोयही होती.

अळणी भात, अळणी भाजी, अळणी भाकरी. पहिले आठ दिवस कसेतरी गेले. मग मिठाचा नुसता ध्यास लागला. फळ्यावर मिठाचं रासायनिक सूत्र लिहिताना तोंडाला पाणी सुटे. घामाचा थेंब ओठावर आला की जीभ आपोआप तिकडे जाई. मी मनाला दटावत असे. आई तिकडे अंथरुणाला खिळली आहे आणि तुला जिभेचे चोचले सुचतात?

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी गोठ्यात गेले. का गेले, ते गोठ्यात पोचेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. गव्हाणीत म्हशीसाठी मिठाचा मोठा खडा ठेवलेला असे, चाटून चाटून गुळगुळीत झालेला. मी तो उचलला. म्हैस माझ्याकडे बघत होती. मी तिचं मीठ चाटलं. एकदा नाही, मन भरेपर्यंत. बाहेर बादलीची कडी वाजली तशी मी खडा खाली टाकला आणि पदरानं तोंड पुसलं. वळून पाहिलं तर दारात कुणी नव्हतं.

त्यानंतर आठव्या दिवशी तार आली. आई गेली होती.

पुढचं सांगायला नको. देवीशी केलेला सौदा मी मोडला आणि तिनं आपलं माणूस परत नेलं. मी विज्ञानाची बाई, ग्रहण लागलं की मुलांना जेवायला सांगणारी. पण आपल्या आईच्या बाबतीत डोकं त्या वाटेनं चालत नाही. तेराव्याला पंगतीत वहिनीनं पानात मीठ वाढलं, ते मी बोटानं बाजूला सारलं. नवस आईबरोबर संपला होता. आता हे अळणी जेवण माझी शिक्षा होती आणि तिला मुदत नव्हती. दादानं निघताना एवढंच विचारलं, "किती काळी पडलीस गं. उन्हात फिरतेस का?" मी हो म्हटलं.

तिसगावला परत आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गयाबाई रोज दुपारी तांब्याभर ताक आणून माझ्या उंबऱ्यावर ठेवू लागल्या. म्हणाल्या, ऊन लई हाय, पोटाला थंड पडंल. दुष्काळातलं ताक ते, निम्म्याहून जास्त पाणीच. पण मी ते उभ्यानंच पिऊन टाकत असे, तळाशी बोट फिरवून चाटत असे. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट गोड लागे. ताक आंबट आहे म्हणून बरं वाटतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. असे पाच-साडेपाच महिने गेले.

मग वैरण संपली. घोडेगावच्या बाजारात गयाबाईंचे यजमान म्हैस घेऊन गेले आणि नुसता दोर घेऊन परतले. गयाबाई दोन दिवस गोठ्याकडे फिरकल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं, कारण आता गव्हाणीत तो खडा नव्हता. ताकही बंद झालं.

त्यानंतर माझं झपाट्यानं बिनसलं. उलट्या सुरू झाल्या. दहा दिवसांत मला भिंत धरून चालावं लागायला लागलं. एकदा रजा टाकून मी एकटीच एस.टी.नं नगरच्या दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकावर साडेतीन तास बसले. प्रत्येक पेशंटबरोबर दोन-दोन माणसं होती. माझी पाळी आली तेव्हा एक तरुण डॉक्टर होते. चांगले होते बिचारे, सगळं नीट विचारत होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खारट फार खावंसं वाटतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"जेवणात मीठ असतं ना नेहमीसारखं?"

"असतं की."

पेन थांबलं होतं ते पुन्हा चालू झालं. त्यांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक आणि इंजेक्शनं लिहून दिली. त्यांचा काही दोष नव्हता. डॉक्टर जो प्रश्न विचारतात त्याच्या उत्तरावरच पुढची वाट ठरते, आणि मी त्यांना सरळ उलट्या वाटेला लावलं होतं.

पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गात मी परासरण शिकवत होते. हा माझा आवडता पाठ. पेशीच्या पडद्यातून पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे कसं जातं, ते बटाट्याच्या कापांवर दाखवायचं. एका बशीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं. साध्या पाण्यातला काप फुगून ताठ होतो, मिठाच्या पाण्यातला मऊ पडतो. मुलं कापांकडे बघत होती आणि मी मिठाच्या बशीकडे. मी ती दोन्ही हातांनी उचलली, एवढं मला आठवतं. तोंडाला लावली की नाही ते आठवत नाही. मुली नंतर म्हणाल्या, बाई, तुम्ही बशीसकट खाली आलात.

दुष्काळी कामावरच्या जीपमधून मला नगरला नेलं. बरोबर गयाबाई आणि त्यांचे यजमान होते. दवाखान्याच्या कागदावर जवळचा नातेवाईक म्हणून सही हवी होती. गयाबाईंनी अंगठा दिला. नाते या शब्दापुढे कारकुनानं घरमालकीण असं लिहिलं. तो कागद मी नंतर पाहिला.

आता पुन्हा त्या बाटलीकडे येते.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी एकटेच आले. तोवर एक्स-रे झाला होता, रक्त तपासायला पुण्याला पाठवलं होतं. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुम्ही विज्ञान शिकवता म्हणे. पेशीचा पडदा मुलांना कसा समजावता?"

मी म्हटलं, चाळणीसारखा. बारीक ते जातं, जाड ते अडतं.

"मग ते चुकीचं शिकवता," ते म्हणाले. "मिठाचा कण केवढासा. चाळणी असती तर केव्हाच पडला असता. पाणी त्या पडद्यातून सहज जातं-येतं, पण मिठाला तिथं वाट नाही. त्याच्यासाठी पडद्यात वेगळी दारं असतात. शिवाय चुकून आत आलेलं मीठ पेशी पंपानं उपसावं तसं सारखं बाहेर काढत असते, झोपेतसुद्धा. तो पंप थांबला की पेशी फुगते आणि मरते. जिवंत असणं म्हणजे, बाई, निम्मं हे राखणदारीचंच काम आहे."

मग त्यांनी माझ्या आजाराकडे वळवून सांगितलं, ते जसं समजलं तसं लिहिते. आपल्या मूत्रपिंडातून रोज भरपूर मीठ गाळून खाली येतं. ते वाया जाऊ नये म्हणून तिथल्या नळ्यांच्या पेशी ते पुन्हा आत ओढून घेतात. पण त्यांच्या पडद्यातली दारं उघडायला हुकूम लागतो. तो हुकूम मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींतून येतो. त्यांना ॲड्रिनल म्हणतात. माझ्या त्या ग्रंथी क्षयानं पोखरल्या होत्या. एक्स-रेत त्यांच्या जागी चुन्याचे पांढरे ठिपके दिसत होते. हुकूम यायचा बंद, दारं बंद. मीठ लघवीवाटे निघून जात होतं आणि जाताना पाणी घेऊन जात होतं. म्हणून रक्तदाब खाली, म्हणून भोवळ. उरलेलं रक्त इतकं अळणी झालं होतं की त्यातलं पाणी पेशींमध्ये शिरून त्या फुगत होत्या. माझ्या मेंदूच्याही. साध्या पाण्यातला बटाट्याचा काप मीच होते.

काळेपणाचंही कारण होतं. मेंदूखालची एक ग्रंथी या दोघींना काम करा म्हणून हुकूम सोडत असते. त्या उत्तर देईनात तसा तिचा आवाज चढत जातो, आणि त्या ओरडण्याचा रंग कातडीवर उतरतो.

"आता सांगा," डॉक्टर म्हणाले, "मीठ का चालत नाही?"

मी एवढंच सांगितलं की नवस आहे. गोठ्याचं सांगितलं नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, कॉर्टिझोनच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, क्षयाची इंजेक्शनं वर्षभर. पण मीठ धरून ठेवायचा हुकूम गोळ्या पुरता देत नाहीत. उरलेलं रोज खाऊनच भरून काढायला हवं. मग उठता उठता म्हणाले, "सलाईन मी फार तर परवापर्यंत ठेवीन. नवस सोडवणं माझ्या हातात नाही."

तिसऱ्या दिवशी सुई निघाली. जेवणाच्या ताटात वरण, भात, भाजी आणि कोपऱ्यात मिठाचा ढीग आला. मी वरणाला हात लावला नाही, नुसता भात खाल्ला. मरायचं असं काही ठरवलं नव्हतं मी. फक्त हात तिकडे जात नव्हता. ज्या मिठासाठी आई गेली, ते मी जगायला खायचं, हे मला जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी उभी करून रक्तदाब घेतला तर पारा पुन्हा घसरला होता. नर्स रागावली. डॉक्टर आकडा लिहून पुढच्या खाटेकडे गेले, ते जास्त लागलं.

वॉर्डात बारा खाटा होत्या. प्रत्येक खाटेजवळ एक लोखंडी स्टूल. भेटीची घंटा झाली की माणसं आत लोटत, डबे उघडत, आणि कुणीतरी माझ्याकडे येऊन विचारी, "हे स्टूल घेऊ का? तुमच्याकडे कोणी येणार आहे?" मी म्हणायचे, घ्या. चौथ्या दिवसापासून विचारणंही बंद झालं. घंटा झाली की माझं स्टूल आपोआप उचललं जाई. दादाला मी पत्र टाकलं होतं. त्याचं कार्ड आलं. क्षय आहे असं कळलं, घरात लहान मुलं आहेत, तू समजूतदार आहेसच, प्रकृतीला जप. हा क्षय पोटातला होता, कुणाला लागणारा नव्हता, पण ते मी त्याला उलट कळवलं नाही. मी समजूतदार होतेच. कार्ड उशीखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून खूप रडले.

रविवारी गयाबाई आल्या. एकट्याच, एस.टी.नं, कापडात भाकरी बांधून. माझं स्टूल केव्हाच पलीकडच्या खाटेला गेलं होतं. त्या सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. त्यांनी आधी डॉक्टरांना गाठलं होतं. मी मीठ खात नाही म्हणून डॉक्टरांनी हात टेकले आहेत, हे त्यांना कळलं होतं.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी म्हशीचं मीठ चाटलं, ते मी पाह्यलं हुतं."

मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"ज्याला भूक लागती त्यो खातो. म्हशीला लागतं तसं मान्साला बी लागत आसंल, म्हनलं. पर तुमी कालवन घेईना. मंग ताकात घालाय लागले. रोज दोन-तीन चिमटी. आंबटात कळत न्हाई."

डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं, ते त्यांनी मला बोलून दाखवलं होतं. इतकी मोडलेली ग्रंथी आणि वर अळणी जेवण, म्हणजे मी सहा महिने काढूच शकत नव्हते. मी जगले कशावर? आता ते कोडं माझ्यापुढे फरशीवर बसलं होतं. म्हैस विकली, ताक बंद झालं आणि तीन आठवड्यांत मी वर्गात आडवी झाले.

आंबटात कळत नाही, असं त्या म्हणाल्या. खरं सांगायचं तर मला कळत होतं. पहिल्याच घोटाला कळलं होतं. पाच-साडेपाच महिने रोज मी ते कळूनसवरून प्यायले आणि रोज स्वतःला सांगितलं की ताक आंबट आहे. ही गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नाही, दादाला तर नाहीच. त्या दिवशी गयाबाईंना सांगितली. आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही थांबलं नाही. आईचं सांगितलं, देवीचं सांगितलं, आठव्या दिवशी आलेल्या तारेचं सांगितलं. "मी चाटलं म्हणून आई गेली," हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं. शेजारच्या खाटेवरची माणसं ऐकत होती. ऐकू देत, म्हटलं.

गयाबाईंनी भाकरीची गाठ सोडली. मग म्हणाल्या, "तुमी चाटलं म्हून आई गेली आसंल, तर मी घातलं म्हून तुमी वाचल्या. दोनी हिशेब माज्या नावावर टाका, देवीला मी काय ते सांगते. तुमी जेवा."

त्यांनी भाकरीवर ठेचा ठेवला. ठेच्यात जाडं मीठ दिसत होतं, कुटताना मुद्दाम पुरतं बारीक न केलेलं. मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मिरचीचं असं शेजारणीला वाटलं असेल. मी सबंध भाकरी खाल्ली. घास गिळताना मला आईचा चेहरा आठवला, आणि नवल म्हणजे तो रागावलेला नव्हता. आई मला कधी उपाशी बघू शकत नसे, ही साधी गोष्ट मी सहा महिने विसरले होते.

संध्याकाळी रक्तदाब घेताना नर्सनं दोनदा तपासून पाहिलं.

पंधरा दिवसांनी मी घरी आले. ज्यांना हा आजार निघेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. गोळी एक दिवसही चुकवू नका, आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंद तर मुळीच करू नका. ताप आला, उलट्या झाल्या की डॉक्टरांना विचारून गोळ्या वाढवाव्या लागतात. नावाची आणि आजाराची चिठ्ठी नेहमी जवळ ठेवा, भोवळ येऊन पडलात तर तीच तुमच्या वतीनं बोलते. आणि डॉक्टरांनी विचारलं की खरं सांगा. शरीर जे मागतं त्यात लाज नसते. मी ज्याला हावरटपणा समजून कोंडून ठेवलं होतं, ती माझ्या पेशींची जगण्यासाठी चाललेली धडपड होती. गोठ्यात मला कुणी नेलं, असं आता कुणी विचारलं तर मी म्हणेन, ॲड्रिनलनं. आईशी त्याचा काही संबंध नव्हता.

शाळेत मी आता पडदा चाळणीसारखा असतो असं शिकवत नाही. सांगते की तो राखण करतो. सगळंच आत येऊ देणारी पेशी मरते आणि काहीच आत येऊ न देणारीही मरते. मुलं ते वहीत लिहून घेतात. माझ्या चिठ्ठीवर, मी पडले तर कुणाला कळवावं, त्या ओळीत गयाबाईंचं नाव आहे. नाते या शब्दापुढे मी अजून काही लिहिलेलं नाही. कोणता शब्द लिहावा ते मला ठरवता येत नाही, पण आता ती जागा रिकामी वाटत नाही.

घरी आले त्या दिवशी गोठा मोकळाच होता. गयाबाईंनी कुठल्या तरी घरून मागून ताक आणलं होतं. तांब्या उंबऱ्यावर ठेवायच्या ऐवजी त्या तो घेऊन माझ्या खोलीत आल्या, पहिल्यांदाच, आणि बसल्या. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती.

"बाई," त्यांनी विचारलं, "मीठ घालू का?"

"घाला," मी म्हटलं. "माझ्यासमोर घाला."